उन्हाळी बेसबॉल लीग: दीड हजार भरले, पोरगा बाकावर

सातरस्ता

नमस्कार मंडळी. इथे खेळांवर लिहिणारे बरेच जण दिसतात, म्हणून विचारते. माझा मुलगा ११ वर्षांचा. सुट्टीत मोबाईल हातातून सुटावा म्हणून यंदा त्याला सोलापुरातल्या विजापूर रोडकडच्या एका मैदानावर चालणाऱ्या उन्हाळी बेसबॉल लीगमध्ये घातलं. चार संघ, १४ वर्षांखालची मुलं, थोड्या मुलीही. फी १५०० रुपये, त्यात टोपी आणि टी-शर्ट. आठवड्यातून दोन सामने, सकाळी सव्वासहाला.

पाच सामने झाले. पाचांत मिळून तो दोनदा बॅटिंगला गेला आणि एकदा शेवटच्या इनिंगला राईट फील्डला, म्हणजे लांब उजव्या बाजूला, उभा राहिला. बाकी सगळा वेळ लोखंडी बाकावर. रोज पाचला स्वतः उठतो. मी डबा करता करता त्याचे मोजे शोधते आणि स्कूटीवरून सोडून येते. परवा घरी आल्यावर टी-शर्ट घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाला, "आई, हा धुवायला टाकू नको, स्वच्छच आहे."

कोचना विचारलं. म्हणाले, "मॅडम, आपल्याला फायनलला जायचंय. लहान आहे तो, शिकेल हळूहळू." बाकावर बसून काय शिकणार?

तर प्रश्न असा: अशा लीगमध्ये प्रत्येक मुलाला निदान अमुक इतकं खेळायला मिळालंच पाहिजे, असा काही नियम असतो का? की मीच उगाच हळवी होतेय?

पार्कचौक

हळव्या कशाला? दीड हजारात बाक भाड्यानं घेतलाय, वर टोपी फुकट. (हलकं घ्या.)

खुंटाजवळचा

मी उलट्या बाजूनं लिहितो, राग मानू नका. मी खो-खोतला माणूस. आमच्यात नऊ जण मैदानात, बाकीचे बाहेर सतरंजीवर. पहिलं अख्खं वर्ष मी सतरंजीवर काढलं. पाण्याची बादली, चुना, दोरी, सगळं माझ्याकडं. माझी आई कधी जाब विचारायला आली नाही, तिला मी कुठं जातो तेच माहीत नव्हतं. पण त्या वर्षात पळणाऱ्याचा पाय बघायचा नाही, खांदा बघायचा, हे मी बाहेर बसूनच शिकलो. आता पोराला दोन दिवस बाहेर ठेवलं की आईबाप थेट ऑफिसात. स्पर्धा आहे ना? मग स्पर्धेसारखी घ्या.

गल्ली_नंबर_३

खुंटाजवळचा, तुम्हाला मंडळानं निवडून घेतलं होतं. तुम्ही पैसे भरून सतरंजी घेतली नव्हती. जिल्ह्याच्या निवडचाचणीत कुणाला घेतलं, कुणाला वगळलं, हा कोचचा अधिकार, तिथं कुणी बोलू नये. सुट्टीतली लीग मात्र पोरांनी खेळावं म्हणूनच काढतात. थाळीचे पैसे सगळ्यांकडून घ्यायचे आणि निम्म्यांना नुसता वास द्यायचा, असं कुठं असतं का?

खुंटाजवळचा

थाळीचं काही पटलं नाही. पण निवडलेला संघ वेगळा आणि फी भरून घेतलेला वेगळा, हे मान्य.

नवीपेठ

मुळात बेसबॉल कशाला? आपल्याकडं क्रिकेट काय कमी आहे?

फर्स्टबेस

नवीपेठ, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये दोन्ही आहेत, भांडू नका.

उशिरा आलो. मी विद्यापीठाकडून बेसबॉल खेळलोय (तेव्हा डोक्यावर केस होते), म्हणून ताईंच्या मूळ प्रश्नाकडं येतो.

असतो, असा नियम असतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावी १९३९ साली कार्ल स्टॉट्झ यांनी मुलांसाठी लिटल लीग सुरू केली. तिच्यात नियम असा की सामन्याला हजर असलेल्या प्रत्येक मुलानं सहा आऊट होईपर्यंत तरी क्षेत्ररक्षण करायचं आणि एकदा तरी बॅटिंग करायची. फायनल जवळ आलीय, पोरगं बारकं आहे, असली कारणं चालत नाहीत. एखाद्याचं राहिलंच, तर पुढच्या सामन्याला त्याला पहिल्यापासून उतरवायचं आणि मागची बाकी फेडायची. कोचनं नियम मोडला तर पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा पुढच्या सामन्याला त्यालाच बंदी.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा हिशेब. तीन आऊट झाले की बाजू बदलते. मुलांच्या सामन्यात सहा इनिंग, म्हणजे पूर्ण सामन्यात एका संघाला मैदानात १८ आऊट काढायचे असतात. मैदानात नऊ जण. नऊ गुणिले अठरा, १६२. या झाल्या वाटायच्या जागा. संघात १४ मुलं असतील तर प्रत्येकी सहा दिल्यावर ८४ जातात. कोचच्या हातात तरी ७८ उरतात! त्यात त्यानं आपली लाडकी पोरं खुशाल खेळवावीत. कोचचे हात बांधले जातात म्हणणाऱ्यांनी एकदा पाटीवर मांडून बघावं.

बॅटिंगचं तर त्याहून सोपं. क्रिकेटमुळं आपल्या डोक्यात अकरा म्हणजे अकरा. मुलांच्या बेसबॉलमध्ये अखंड क्रम लावता येतो. मैदानात नऊच, पण बॅटिंगला जेवढे हजर तेवढे सगळे, ओळीनं. उशिरा आलेल्याचं नाव तळाला. कुणी आजारी पडून घरी गेला तर त्याचं नाव गाळून पुढं जायचं, आऊट धरायचा नाही.

यंत्रमाग

वाचनखूण साठवली. १६२ चा हिशेब आमच्या मुकादमालाही दाखवणार आहे.

पाण्याचा_दिवस

काका, हिशेब झकास, पण सोलापुरात सहा इनिंग होतात कुठं? माझा पोरगा त्याच लीगमध्ये आहे, दुसऱ्या संघात. सव्वासहाचा सामना पावणेसातला सुरू होतो. साडेआठला ऊन असं चढतं की बेसवर (रन काढताना पळत जिथं पोचायचं ती चौकोनी गादी) हात टेकला की चटका बसतो. चार इनिंग झाल्या की पंच मनगटावरचं घड्याळ दाखवतात, झालं.

आणि नळाला पाणी यायचं असेल त्या सकाळी तर विचारूच नका. निम्मा संघ ड्रम भरत घरी. एकदा आमचे आठच आले. समोर चौदाच्या चौदा हजर, कारण त्यांच्या भागात आदल्या दिवशी पाणी येऊन गेलं होतं. सामना त्यांना फुकट मिळाला. आमची आठ पोरं एवढ्या पहाटे उठून चिंचेच्या झाडाखाली बसली आणि घरी आली.

बाळीवेस

म्हणजे आता पॉइंट टेबलात एक रकाना पाण्याचा पण ठेवा की ओ.

फर्स्टबेस

चार इनिंगचा सामना धरला तर १२ आऊट, जागा १०८. चौदा जणांना सहा-सहा दिले की ८४, उरतात २४. तंग आहे, पण बसतं. पहिल्या दोन इनिंग नऊ जण. तिसरी सुरू होताना बाहेरचे पाचही आत, आधीचे चार राहतील. एवढं कागदावर असलं की झालं. आपले कोच म्हणतात "शेवटच्या इनिंगला बघू", आणि ती शेवटची इनिंग काही येत नाही. ताईंच्या मुलाचं बहुतेक हेच झालंय.

आठ जण आले म्हणून सामना सोडून द्यायचा, हे मला मान्य नाही. लिटल लीगमध्ये यासाठी 'पूल' ठेवतात. ज्यांना जास्तीचं खेळायचंय त्या मुलांची यादी असते, कमी पडलेल्या संघाला त्यातून मुलगा देतात. एक अट अशी, उधार आलेल्या पोरानं पिचिंग, म्हणजे बॅटिंगवाल्याला चेंडू टाकणं, करायचं नाही. नाहीतर लोक उधारीत थेट सगळ्यात भारी पिचरच मागतील.

पार्कचौक

आमच्या गल्लीतल्या वाण्याची पाटी तिकडंपण लावा. "आज रोख, उद्या उधार."

शिट्टी

मी कोच आहे. कुठल्या संघाचा ते विचारू नका, ओळखणारे ओळखतील.

माझी बाजूही ऐका. ११ वर्षांचा पोरगा आणि १४ ला टेकलेला पोरगा एकाच मैदानात. मोठ्यानं दणकून मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा) येतो तेव्हा बारक्याला हात वर करायलाही वेळ मिळत नाही. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, पाच-सव्वापाच औंस, पण लागायचा तो लागतोच. मागच्या वर्षी मी सगळ्यांना खेळवलं होतं. एकाचा ओठ फाटला. "आमचा मुलगा बाकावर का?" म्हणून आठवडाभर मागं लागलेले त्याचेच वडील मला म्हणाले, "त्याला तिथं उभं कुणी केलं?"

हरल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकरापर्यंत काय काय चालतं तेही मीच वाचतो. मानधनात पेट्रोलही निघत नाही. एवढं करून धाग्यात मी खलनायक.

सातरस्ता

शिट्टी, तुम्ही माझ्या मुलाचे कोच असाल किंवा नसाल, ही बाजू मला खरंच माहीत नव्हती. ओठ फाटल्याचं वाचून पोटात गोळा आला. पण मग त्याला राईट फील्डला तरी उभा करा. तिथं चेंडू येतोच कुठं म्हणतात.

फर्स्टबेस

शिट्टीसाहेब, तुमचं दुखणं वयोगटाचं आहे, बाक त्याच्यावर औषध नाही. लिटल लीगच्या १२ वर्षांपर्यंतच्या मैदानात दोन बेसमधलं अंतर ६० फूट आणि पिचर ४६ फुटांवर. मोठ्यांच्या मैदानात तेच ९० फूट आणि ६० फूट ६ इंच. आपण सगळ्यांना एकाच चुन्याच्या रेघेवर उभं करतो. दोन गट केले तर बारक्यांना शॉर्टस्टॉपही खेळता येईल.

आणि राईट फील्डला हसू नका. आमच्या वेळी तिथं उभ्या असलेल्या एकानं खिशातून शेंगाची चटणी आणि भाकरीचा तुकडा काढून खाल्ला होता. चेंडू आला तेव्हा चटणीचा हात. ग्लोव्हला अजून वास येत असेल.

एक_जून

वयाचा विषय निघालाच आहे तर. आमच्या पिढीतलं अर्धं सोलापूर १ जूनला जन्माला आलंय, शाळेत नाव घालताना गुरुजींच्या सोयीनं. माझ्या थोरल्या भावाच्या आणि माझ्या जन्मतारखेत बरोबर एक वर्षाचं अंतर आहे, आणि आईच्या म्हणण्यानुसार खरं अंतर अडीच वर्षांचं. आता जन्मदाखले आले, पण वय चोरायची हौस गेली नाही. परवाच्या सामन्यात १४ वर्षांखालच्या एका पिचरच्या गालाला कापसाचा बोळा चिकटवला होता. दाढी करताना ब्लेड लागलं असणार.

जुळे_फिजिओ

बोळ्याचं जाऊ द्या. मला दुसऱ्याच एका पिचरची काळजी वाटते. माझी भाची या लीगमध्ये आहे, म्हणून मी सामने बघतो. आमच्या समोरच्या संघाचा पिचर बारा वर्षांचा, फार सुंदर टाकतो. मंगळवारी मी सहज मोजायला सुरुवात केली. १०४ चेंडू. शुक्रवारी परत तोच, ९७. शेवटी शेवटी प्रत्येक चेंडूनंतर हात झटकत होता आणि बाहेरून त्याचे वडील "शाब्बास वाघा" म्हणत होते.

या वयात कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाचा वाढीचा भाग अजून पक्का झालेला नसतो, तो कूर्चेचाच असतो. जोरात फेकताना ताण नेमका तिथं येतो. मोठ्या माणसाचं अस्थिबंधन दुखावतं, मुलाचं हाडाचं टोकच ओढलं जातं. या दुखण्याचं नावच लिटल लीगर्स एल्बो पडलंय, म्हणजे विचार करा किती पोरांना झालं असेल. २००७ पासून लिटल लीगमध्ये इनिंग मोजत नाहीत, चेंडू मोजतात. दिवसाला ७-८ वर्षांच्या मुलाला ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५. १४ पर्यंतच्या मुलानं एका दिवसात ६६ किंवा जास्त टाकले तर मध्ये चार दिवस पूर्ण विश्रांती. मंगळवारी १०४ टाकणारा पोरगा शुक्रवारी पिचिंगला यायलाच नको होता. ४१ किंवा जास्त चेंडू टाकलेल्या पिचरला त्याच दिवशी कॅचर (बॅटिंगवाल्याच्या मागं बसून चेंडू झेलणारा) म्हणूनही बसवत नाहीत, कारण कॅचरही दर चेंडूला परत फेकतच असतो.

आता मूळ धाग्याशी याचा संबंध बघा. ८५ ला थांबायचं म्हटलं की कोचला दुसरा पिचर लागतो, चार दिवस विश्रांती म्हटलं की तिसरा. मग आपोआप बाकावरच्या पोरांना चेंडू हातात मिळतो. एकाचं कोपर वाचतं आणि दुसऱ्याला खेळ मिळतो.

खुंटाजवळचा

हे मला ठाऊक नव्हतं. आमच्यात गुडघे जातात, माझा उजवा गेलेलाच आहे. कुणीतरी मोजायला हवं होतं खरं.

चादरवाली

मोजायचं म्हणताय ना, मोजलेलं आहे.

माझी मुलगी तेरा वर्षांची, याच लीगमध्ये. चार संघांत मिळून तीनच मुली. पहिल्याच आठवड्यात तिला सांगण्यात आलं, "तुझं अक्षर छान आहे, तू स्कोअर लिही." ती लिहू लागली. मला इतका राग आला की मी एका रात्रीत बसून या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. न्यू जर्सीतल्या होबोकेनची मारिया पेपे १९७२ साली लिटल लीगमध्ये तीन सामने खेळली आणि मुलगी म्हणून तिला बाहेर काढलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७४ मध्ये मुलींना दार उघडलं. २०१४ च्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये मोने डेव्हिस या १३ वर्षांच्या मुलीनं पिचिंग करून समोरच्या संघाला एकही रन न देता सामना जिंकला. आणि आमच्याकडं अक्षर छान.

पण त्या वहीत आता सगळं आहे. पोरीनं नुसते रन नाही लिहिले. कोण कितव्या इनिंगला आत आला, कोण बाहेर बसला, पिचरनं किती टाकले, बारीक काड्या मारून ठेवल्यात. काल मी बेरीज केली. एका संघात सहा मुलं पाचही सामने सगळा वेळ मैदानात. चार मुलांचं पाच सामन्यांचं मिळून क्षेत्ररक्षण बारा आऊटसुद्धा भरत नाही. फिजिओ, तुमचे १०४ तिच्या वहीत १०३ आहेत.

जुळे_फिजिओ

तिचेच बरोबर असतील. मी मध्ये एकदा चहा घ्यायला गेलो होतो.

भुईकोट

या सगळ्याची सोय आपल्याकडं आधीपासून होती की! लिंबूटिंबू. बारक्याला खेळायला घ्यायचं, आऊट धरायचा नाही, तोही खूश, त्याची आईपण खूश. अमेरिकेला कशाला जायला पाहिजे?

सातरस्ता

भुईकोट, हेच नकोय त्याला. काल मी घरी म्हटलं, "अरे, कोचना सांगते, तुला नुसतं उभं तरी करतील." तर म्हणाला, "मग माझा आऊट धरणार का?" लिंबूटिंबूचं काहीच मोजत नाहीत, ना आऊट ना रन. त्याला मोजलेलं हवंय.

अजून एक, हे मी आधी लिहिलं नव्हतं कारण मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. मुलगा डावखुरा आहे. लीगच्या पोत्यातले सगळे ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे. म्हणजे ज्या हातानं फेकायचं त्याच हातात ग्लोव्ह. राईट फील्डला उभा होता तेव्हा त्याच्याकडं एक चेंडू घरंगळत आला. त्यानं अडवला, ग्लोव्ह ओढून काढला, काखेत धरला, मग चेंडू फेकला. तोवर दोघं जण रन पुरी करून होमला पोचले. बाकावरची मुलं हसली. त्यानंतर त्याला आत घेतलेलंच नाही. नवी पेठेत दोन दुकानांत विचारलं, उजव्या हातात घालायचा नाही म्हणाले.

फर्स्टबेस

अहो ताई, हे आधी सांगायचं ना!

डावखुऱ्याला बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉपला किंवा कॅचरला सहसा ठेवत नाहीत, पण फर्स्ट बेसला त्याच्यासारखा माणूस नाही. ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला. पोरांनी फेकलेले चेंडू त्याला आपसूक हातात येतात, आणि दुसऱ्या बेसला फेकायचं तर अंग वळवावं लागत नाही. माझं नाव इथं फर्स्टबेस का आहे, ओळखा.

माझा जुना ग्लोव्ह माळ्यावर असणार. मोठ्याच्या मापाचा आहे, आणि इतक्या वर्षांत कडक भाकरी झाला असेल. तेल चोळून बघतो.

बाळीवेस

काका, उंदरानं ठेवलाय का ते आधी बघा.

जाता जाता, पोरं तिकडं खेळलालेत आणि मोठी माणसं इकडं भांडलालेत. धागा शंभरी गाठणार बे.

नवीपेठ

मला एक सांगा, भारतातून कुणी अमेरिकेत बेसबॉल खेळायला गेलंय का?

गल्ली_नंबर_३

उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघं भालाफेक करायचे. २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या संघानं दोघांशी करार केला. क्रिकेटचा रिंकू सिंग वेगळा, गोंधळू नका.

चादरवाली

रविवारी पालकांची बैठक झाली, तिचा वृत्तांत. लीगवाले, चार कोच, तीसेक पालक. मुलीची वही टेबलावर ठेवली. आधी अर्धा तास वहीच चुकीची आहे यावर गेला. मग एका कोचनं स्वतःच्या फोनमधले व्हिडिओ काढून पडताळलं, आणि वही बरोबर निघाली. त्यानंतर आवाज जरा खाली आले.

प्रत्येकाला दर सामन्यात सहा आऊट क्षेत्ररक्षण आणि हजर सगळ्यांना अखंड क्रमानं बॅटिंग, हे ठरलं. पिचरला फिजिओंनी सांगितलेले आकडे. कमी पडणाऱ्या संघाला दुसऱ्या संघातून मुलगा द्यायचा, पिचिंग सोडून. एका डावात पाच रन झाले की बाजू बदलायची, म्हणजे ऊन चढायच्या आत चार इनिंग तरी होतील. वही रोज सामना संपला की पालकांना बघायला उघडी. वयोगट मात्र यंदा होणार नाहीत, मुलंच पुरत नाहीत.

अडलं ते एकाच जागी. दोन कोच म्हणाले, फायनलला हे नियम नकोत. दोन म्हणाले, असू द्या. निर्णय व्हायचाय.

खुंटाजवळचा

फायनलला सोडा की राव. एवढं सगळं मान्य केलं, एक दिवस तरी जिंकायला खेळू द्या.

गल्ली_नंबर_३

फायनलला नियम सोडला तर महिनाभर सांभाळलेल्या पोराला नेमकं फायनलच्या दिवशी कळणार की तो भरतीचा होता.

शिट्टी

बैठकीत मी "असू द्या" म्हणणाऱ्यांपैकी. का ते सांगतो. चारही संघांना नियम असेल तर मला काहीच अडचण नाही. समोरच्यालाही त्याची बारकी पोरं उतरवावी लागतात, हिशेब बरोबरीत. मी एकट्यानं सगळ्यांना खेळवलं आणि समोरच्यानं नाही, तर मी हरतो, आणि रात्री साडेअकरापर्यंत ग्रुप वाचतो. मागच्या वर्षी तेच झालं. आता कुणी विचारलं तर सांगायला बरं, नियम आहे, माझ्या हातात नाही.

आणि हो, ताई, तुमच्या मुलाचा कोच मीच. डावखुरा आहे हे मला माहीत होतं. ग्लोव्हचं माझ्या डोक्यात आलं नाही. पोत्यात आहेत ते वाटले.

सातरस्ता

मला पहिल्याच प्रतिसादावरून वाटलं होतं, सर. "विचारू नका" असं तुम्ही तिथेही म्हणता.

सिद्धेश्वर_पेठ

मागचे प्रतिसाद वाचले नाहीत. मूळ प्रश्नाचं उत्तर: असा काही नियम नसतो, कोच म्हणेल ते. मुलाला पोहायला घाला.

पार्कचौक

पोहायला पाणी कितव्या दिवशी येतं?

फर्स्टबेस

ग्लोव्ह सापडला. उंदरानं करंगळीचं टोक खाल्लंय, बाकी शाबूत. तीन दिवस खोबरेल तेल लावून, मध्ये चेंडू ठेवून, दोरीनं बांधून गादीखाली ठेवला होता. आज वाकायला लागला. ताई, उद्या संध्याकाळी पार्क चौकात देतो. परत करायची घाई नाही.

सातरस्ता

काका, ग्लोव्ह मिळाला, मनापासून धन्यवाद. घराला खोबरेलाचा वास सुटलाय, रात्री तो उशाशी घेऊन झोपला.

आज सामना झाला. तिसऱ्या इनिंगपासून फर्स्ट बेसला होता, सहा आऊट पूर्ण. ग्लोव्ह त्याच्या हाताच्या दीडपट, मनगटाला रुमाल बांधून घट्ट केला होता. तीन चेंडू त्याच्याकडं आले. पहिला निसटला. दुसरा ग्लोव्हला लागून पडला, पण त्यानं पायानं दाबून धरला. तिसरा झेलला. आऊट. पंचांनी मूठ वर केली तेव्हा तो झेललेला चेंडू हातात धरून तसाच उभा राहिला, शेवटी पिचरनं येऊन मागून घेतला. बॅटिंगला दोनदा गेला, दोन्ही वेळा तीन स्ट्राईकवर आऊट. दोन्ही वहीत आहेत. सामना आम्ही हरलो.

घरी येताना जुन्या चेंडूवर भिंतीपाशी सराव करायचा म्हणून हटून बसला. सात रस्त्याच्या भर उन्हात.

जुळे_फिजिओ

भिंतीवर फेकलेलेही मोजा म्हणावं. ११ वर्षांचा आहे.

पाण्याचा_दिवस

ताई, शुक्रवारी आमच्या भागात पाणी आहे. आम्ही परत आठच येणार असं दिसतंय. तुमचा फर्स्ट बेसवाला उधार मिळेल का?

सातरस्ता

शुक्रवारी आमच्याकडंही पाणी आहे. ड्रम मी भरेन, त्याला पाठवते. पिचिंग मागू नका.